रस्त्याकडची तपकिरी बाजू: मिनीआपोलिसमधल्या एका लोंबत्या पाइनचं प्रकरण

पार्श्वभूमी

मिनीआपोलिसच्या पश्चिमेकडचं एक उपनगर. २०१७ मध्ये बांधलेलं घर, दर्शनी बाजू उत्तरेला. २०१९ च्या मे महिन्यात पुढच्या अंगणात, ड्राइव्हवे आणि रस्ता यांच्या कोपऱ्यात, घरमालक जोडप्याने लोंबत्या फांद्यांचा एक पाइन लावला. नर्सरीच्या पट्टीवर नाव होतं पाइनस स्ट्रोबस ‘पेंड्युला’, म्हणजे वीपिंग व्हाइट पाइन. कुंडी सुमारे चाळीस लिटरची आणि काठीला बांधलेल्या शेंड्यापर्यंत उंची दीड मीटर. रस्त्याची कड झाडापासून साडेचार मीटरवर होती आणि ड्राइव्हवे जेमतेम दोन मीटरवर.

या झाडाबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांच्यावर उभे आहेत.

पहिली गोष्ट त्याच्या आकाराची. हे साध्या व्हाइट पाइनच्या खुंटावर बांधलेलं कलम असतं आणि त्याच्या शेंड्याला सरळ वर जाण्याची ताकद नसते. काठीचा आधार दिला तर काठी जिथवर जाते तिथवर ते चढतं, तिथून वळून खाली ओघळतं. आधार दिलाच नाही तर जमिनीवर पसरत जातं. म्हणजे उंची ठरवणारा माणूस असतो आणि ती पहिल्या काही वर्षांतच ठरते. पसारा मात्र झाडाच्या मर्जीचा: तीन-चार मीटर रुंदी सहज होते.

दुसरी गोष्ट थंडीची. व्हाइट पाइन मूळचा मिनेसोटापासून न्यूफाउंडलंडपर्यंतच्या पट्ट्यातला आणि दक्षिणेला ॲपलाचियन डोंगररांगेतला. उणे ३५ अंश सेल्सियसची रात्र तो सहज काढतो. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१२ च्या नकाशात मिनीआपोलिस ४बी या थंडीपट्ट्यात होतं, २०२३ च्या सुधारित नकाशात ते ५ए मध्ये आलं. व्हाइट पाइनला याहून कडक असा ३ क्रमांकाचा पट्टाही चालतो. तिथल्या बागांमध्ये हे झाड नुसत्या थंडीने क्वचितच जातं. त्याला मारतं ते गोठलेल्या जमिनीतून पाणी न मिळणं, ओल्या बर्फाचं वजन, घट्ट चिकणमाती आणि रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ.

मिठाचा मुद्दा मराठी वाचकाला चटकन लक्षात यावा म्हणून सांगतो. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला पाहून पाइनची आठवण होते तो सुरू पाइनच्या कुळातला नाही, आणि तो आयुष्यभर खारा वारा अंगावर घेतो. व्हाइट पाइनची गोष्ट अगदी उलटी आहे. बर्फाळ शहरांत लावल्या जाणाऱ्या झाडांमध्ये मिठाला सर्वांत हळवं कोण असं विचारलं तर पहिल्या काही नावांत त्याचं नाव येतं. मूळचा हिमालयातला कैल हा त्याचा पाच सुयांचा भाऊबंद. दोघांच्याही सुया लांब, मऊ आणि पातळ सालीच्या.

पहिली तीन वर्षं झाड बरं वाढलं, वर्षाला २५ ते ३५ सेंटिमीटर. २०२२ च्या वसंतात काही सुयांची टोकं तपकिरी होती. जूनपर्यंत नवी वाढ आली आणि ती झाकली गेली. त्या उन्हाळ्यात सगळं झाड किंचित फिकट, पिवळट हिरवं दिसत होतं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अडचण

२०२२-२३ चा हिवाळा मिनीआपोलिसच्या नोंदींतला तिसरा सर्वांत बर्फाळ ठरला. विमानतळावर मोसमात २२९ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. बर्फ ढकलणारे ट्रक जितक्या फेऱ्या घालतात तितकं मीठ रस्त्यावर पडतं. शिवाय त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये जवळजवळ पाऊसच झाला नव्हता, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बागेचा नळ हिवाळ्यासाठी बंद केल्यावर झाडाला पाणी मिळालं नाही. ते कोरडंच हिवाळ्यात गेलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ उतरला तेव्हा झाडाची रस्त्याकडची अर्धी बाजू विटकरी तपकिरी झालेली होती. जानेवारीच्या सुरुवातीच्या जड बर्फाने एक आडवी फांदीही बुंध्यापाशी चिरली होती.

एका नर्सरीतून सल्ला मिळाला: बुरशीनाशक फवारा आणि खत द्या. घरमालकांनी फवारा आणला नाही, पण एप्रिलच्या पहिल्या रविवारी, घर रस्त्यावरून बरं दिसावं म्हणून, पूर्ण तपकिरी झालेल्या तीन फांद्या सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत छाटल्या. या प्रकरणातली सर्वांत महाग पडलेली चूक हीच. ती का, ते पुढे येईल.

तपासणी

पाइन उशिरा बोलतो. नोव्हेंबरमधल्या कोरडेपणाची, डिसेंबरमधल्या मिठाची खूण मार्चमध्ये दिसते. मुळांच्या दुखण्याची खूण दोन-तीन वर्षांनी. म्हणून ‘आता काय झालं’ यापेक्षा नुकसानाचा नकाशा आधी काढावा लागतो: कुठल्या दिशेला, किती उंचीवर, सुईच्या कुठल्या भागात, कुठल्या वर्षाच्या वाढीवर.

इथे तपकिरी भाग उत्तरेकडे होता. हिवाळी उन्हाने सुया करपतात तेव्हा दक्षिण किंवा नैर्ऋत्य बाजू जाते, कारण फेब्रुवारी-मार्चचं ऊन सुयांना जागं करतं आणि गोठलेली मुळं पाणी देऊ शकत नाहीत. उत्तर बाजू जळणं हे उन्हाचं काम नव्हे. वाऱ्याचं असू शकतं, तिथला हिवाळी वारा वायव्येकडूनच येतो. पण घरामागे त्याहून उघड्या जागी उभं असलेलं आर्बरव्हायटी या सदाहरित झाडाचं कुंपण हिरवंगार होतं. उंचीने उरलेलं उत्तर दिलं: जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटरपर्यंतच्या, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्या सुया निरोगी, तिथून १७० सेंटिमीटरपर्यंत सगळं जळालेलं, त्यावर पुन्हा बरं. ट्रकच्या पात्याने उडवलेला खारट चिखल इतक्याच पट्ट्यात बसतो. प्रत्येक सुई टोकाकडून तपकिरी होत बुडाशी हिरवी राहिली होती, हीदेखील फवाऱ्यासारख्या बसलेल्या मिठाचीच तऱ्हा.

मग कळ्या. तपकिरी फांद्यांच्या टोकांवरच्या कळ्या बोटात धरून दाबल्या तर टणक लागत होत्या. एक कळी नखाने उभी चिरली, आत हिरवी निघाली. सुया गेल्या होत्या, फांदी जिवंत होती. व्हाइट पाइन सुया दोन, फार तर तीन हंगाम धरतो, आणि जुन्या सुया शरदात गळून गेलेल्या असतात. त्यामुळे हिवाळ्यात फांदीवर बहुतेक शेवटच्या वर्षाच्याच सुया उरतात. त्या जळाल्या की फांदी जूनपर्यंत नागडी राहते आणि बघणाऱ्याला मेलेली वाटते.

रोग आणि किडी तपासून बाजूला ठेवल्या. व्हाइट पाइन वीव्हिल हा भुंगा शेंड्यात अंडी घालतो आणि शेंडा मेंढपाळाच्या काठीसारखा आकडा होऊन वाकतो, असं प्रत्येक माहितीपत्रकात असतं. लोंबत्या जातीत ही खूण निरुपयोगी आहे, कारण निरोगी शेंडाही वाकलेलाच असतो. सालीवर राळेचे थेंब, भोकं आणि सालीखाली भुशाच्या घरट्या आहेत का हे बघावं लागतं, इथे नव्हत्या. ब्लिस्टर रस्ट या तांबेऱ्याचे केशरी फोडही फांद्यांवर नव्हते. हा तांबेरा करंट आणि गूसबेरीच्या कुळातल्या झुडपांवरून पाइनवर येतो, म्हणून शेजारचं कुंपणही पाहून घेतलं.

इथपर्यंत येऊन थांबणं सोपं होतं: मीठ सापडलं, प्रकरण संपलं. पण गेल्या उन्हाळ्यातला सगळ्या झाडाचा पिवळटपणा मिठाच्या फवाऱ्याने समजत नव्हता. फवारा एका बाजूला बसतो. सगळं झाड फिकट पडतं तेव्हा कारण जमिनीत असतं.

बुंध्याभोवतीची माती हाताने उकरली. बुंधा रुंद होऊन मुळांत उतरतो ती जागा, रूट फ्लेअर, दहा सेंटिमीटर खाली गाडलेली निघाली. कुंडीतच वर पाच सेंटिमीटर माती जास्त होती, आणि खड्डा खोल खणल्याने तेवढंच झाड आणखी खचलं. कुंडीत गोल फिरलेली दोन मुळं बुंध्याला वेढा घालत होती, जाड मुळाचा व्यास दोन सेंटिमीटर. काठीला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टीही चार वर्षांत कुणी सैल केली नव्हती. ११० सेंटिमीटर उंचीवर बुंध्यात तिची खाच पडली होती.

मातीचे दोन नमुने मिनेसोटा विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पाठवले, एक पुढचा, एक मागच्या अंगणातला. नेहमीच्या तपासणीबरोबर क्षारांची तपासणी वेगळी मागितली. पुढच्या मातीचा सामू (पीएच) ७.७ आणि विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, २.६ डेसिसायमन प्रति मीटर आली. मागची ६.६ आणि ०.४. व्हाइट पाइनला आम्लधर्मी माती हवी. सामू सातच्या पुढे गेला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही, आणि पिवळटपणा येतो. नव्या वसाहतीत बांधकामाच्या वेळी वरची माती काढून नेतात आणि यंत्रांनी दाबलेल्या चिकणमातीवर हिरवळीचे गालिचे अंथरतात. हे अंगण तसंच होतं.

निचऱ्याची चाचणी घरच्या घरी झाली. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून रिकामा होऊ दिला, पुन्हा भरला आणि दर तासाला पातळी किती उतरते ते मोजलं. पुढे एक सेंटिमीटर, मागे चार. तासाला अडीच सेंटिमीटरच्या खाली असेल तर पाइनसाठी ती जागा वाईट.

पर्याय

काही न करता थांबणं हा पहिला पर्याय. कळ्या जिवंत असल्याने झाड त्या वर्षी सावरलं असतं. पण पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात तीच बाजू तसाच मार खाणार, आणि पाइन गेलेली सुई त्याच जागी परत आणत नाही. चार-पाच हिवाळ्यांत रस्त्याकडची बाजू कायमची विरळ होते.

दुसरा: दर डिसेंबरला रस्त्याच्या बाजूने गोणपाटाचा पडदा उभा करायचा आणि एप्रिलमध्ये भरपूर पाणी देऊन मातीतलं मीठ खाली ढकलायचं. पडदा फवारा नक्की अडवतो. पाण्याचं गणित मात्र इथे जमत नव्हतं. मातीतले विद्राव्य क्षार निम्म्यावर आणायला ढोबळमानाने १५ सेंटिमीटर पाणी तिच्यातून आरपार जावं लागतं. तासाला एक सेंटिमीटर जिरवणाऱ्या जमिनीत एवढं पाणी ओतणं म्हणजे मुळं गुदमरवणं. जिप्समचाही विचार झाला. कृष्णाकाठच्या चोपण जमिनींत शेतकरी ते टाकतात, आणि रस्त्याच्या मिठातलं सोडियम चिकणमातीचं तेच करतं: कण विखुरतात, माती ओली असताना लगदा आणि वाळल्यावर वीट होते. पण चोपण जमीन सुधारणाऱ्याला जे ठाऊक असतं ते इथेही लागू आहे. जिप्सम सोडियमला मातीच्या कणावरून सोडवतं, बाहेर काढत नाही. चर काढून निचरा केल्याशिवाय ते तिथेच राहतं.

तिसरा पर्याय झाड काढून त्या जागी मिठाला टणक असा लोंबता पाइन लावण्याचा. जॅक पाइनची ‘अंकल फोगी’ ही जात मिनेसोटातच सापडलेली आहे, व्हाइट पाइनपेक्षाही जास्त थंडी सोसते आणि खारा फवारा बराच सहन करते. कागदावर हेच उत्तर वाटतं. पण जॅक पाइन वाळूचा, आम्ल मातीचा रहिवासी आहे, ७.७ सामूच्या दाबलेल्या चिकणमातीत तोही पिवळा पडला असता. त्याच्या सुया दोन-दोनच्या जोडीत, आखूड आणि पिळलेल्या, हिवाळ्यात पिवळसर. व्हाइट पाइनची निळसर मऊ झूल त्यात नाही, आणि मालकांना हवी होती ती झूल. एक सूचना लोंबत्या लार्चचीही आली. लार्च हिवाळ्यात सुया गाळतो, म्हणून फवारा बसायला सुयाच नसतात. हा चांगला विचार होता. पुढची माती सुधारेपर्यंत तो बाजूला ठेवला.

चौथा: हेच झाड मागच्या अंगणात हलवणं. जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर बुंध्याची जाडी पाच सेंटिमीटर होती. या मापाच्या सदाहरित झाडाला किमान ६० ते ७० सेंटिमीटर व्यासाची मातीची हुंडी, म्हणजे मुळांसकट उचलायचा मातीचा गोळा, लागते. हे चार माणसांच्या आवाक्यातलं काम होतं, आणि दोन वर्षांनी राहिलं नसतं. हा पर्याय निवडला.

निर्णयाचा खरा पेच वेळेचा होता. एप्रिल २०२३ मध्येच हलवायचं? अर्ध्या सुया गेलेल्या, मुळं कधीच न तोडलेल्या झाडाला त्याच वसंतात उपटलं तर ते कशाच्या बळावर सावरणार? म्हणून आधी मुळं छाटून झाडाला नवी बारीक मुळं फुटू द्यायची आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हलवायचं, असं ठरलं. तिथे सदाहरित झाडं हलवण्याचे दोनच काळ चांगले असतात: वसंतात नवे कोंब सुटण्याआधी, किंवा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे जमीन गोठण्याआधी मुळांना दोन महिने मिळतात.

कृती

एप्रिलअखेर बुंध्यापासून ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धारदार सपाट फावड्याने ४० सेंटिमीटर खोल काप घेतले. सगळं वर्तुळ एकदम कापलं नाही; सहा भाग करून एकाआड एक तीन भाग तेव्हा, उरलेले तीन, हलवणं पुढे ढकललं गेल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी. बुंध्यावरची जादा माती काढून रूट फ्लेअर उघडं केलं. जाड वेढा घालणारं मूळ छिन्नीने तोडलं, बारीक मूळ हलवण्याच्या दिवसापर्यंत ठेवलं, कारण एकाच महिन्यात एवढी मुळं तोडणं जास्त झालं असतं. खाच पाडणारी पट्टी काढली. खत दिलं नाही. मुळं कमी केलेल्या झाडाला नत्र दिलं तर वर कोवळी वाढ येते आणि तिला पाणी पुरवायला खाली मुळं नसतात.

मेअखेर फांद्यांच्या टोकांवर कँडल, म्हणजे मेणबत्तीसारखे उभे कोंब सुटले. तपकिरी बाजूच्या न छाटलेल्या बहुतेक सगळ्या फांद्यांवर ते आले, आखूड, पाच-सहा सेंटिमीटरचे, पण आले. आधी छाटलेल्या तीन फांद्यांवर काहीच आलं नाही. पाइनच्या सुया नसलेल्या जुन्या लाकडात झोपलेल्या कळ्या नसतात. तिथे कापलं की ती फांदी संपली. ज्या तीन फांद्या एप्रिलमध्ये मेलेल्या वाटल्या त्या बहुधा शेजारच्या फांद्यांइतक्याच जिवंत होत्या. आठ आठवडे थांबलं असतं तर त्या आज झाडावर असत्या.

२०२३ चा उन्हाळा कोरडा गेला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पारा ३६ अंशांपलीकडे होता. ठरलेली तारीख पुढे ढकलली. हा निर्णय सोपा नव्हता, कारण झाड आणखी एक हिवाळा रस्त्यालगत काढणार होतं. त्यासाठी रस्ता आणि ड्राइव्हवे अशा दोन बाजूंनी, फांद्यांपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, खुंट्यांवर गोणपाट ताणलं. झाडाला गुंडाळलं नाही. ड्राइव्हवेचा बर्फ विरुद्ध बाजूला टाकायला सुरुवात केली. उणे नऊ अंशांखाली साधं मीठ नीट काम करत नाही, लोक ते वाढवत मात्र जातात. अशा दिवशी घसरण थांबवायला वाळू टाकली. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जमीन गोठेस्तोवर, आठवड्याला एकदा पाणी चालू ठेवलं. पुढे तो हिवाळा तिथल्या नोंदींतला सर्वांत उबदार निघाला, बर्फ कमी पडला, मीठही. हे नशीब होतं. त्यावर योजना आखता आली नसती.

एप्रिल २०२४ च्या दुसऱ्या शनिवारी झाड हललं. हुंडीचा व्यास ७५ सेंटिमीटर घेतला, म्हणजे छाटलेल्या वर्तुळाबाहेर फुटलेली नवी मुळं आत आली. खोली ४० सेंटिमीटर. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. फांद्या सुतळीने सैल बांधून वर घेतल्या, हुंडीखाली गोणपाट सरकवून कडा खिळ्यांनी टाचल्या, आणि फळीवरून हातगाड्यावर चढवली.

इथेच दुसरी चूक झाली. मार्चअखेरच्या बर्फ-पावसाने पुढची चिकणमाती भिजलेली होती, वाफसा आलेला नव्हता. मदतीचे हात त्याच दिवशी मिळणार म्हणून काम पुढे ढकललं नाही. हुंडी तिरकी करताना ईशान्य बाजूचा जवळजवळ चौथा भाग घसरून पडला आणि त्या बाजूची मुळं उघडी पडली.

नवी जागा मागच्या अंगणात, घराच्या पूर्वेला, रस्त्यापासून तीस मीटर आत, भिंतीपासून तीन मीटर. सकाळचं सहा तास ऊन, वायव्य वाऱ्याला घराचा आडोसा. खड्डा दोन मीटर रुंद पण हुंडीच्या उंचीपेक्षा पाच सेंटिमीटर कमी खोल, म्हणजे रूट फ्लेअर जमिनीच्या किंचित वर राहिलं. खड्ड्यात कंपोस्ट मिसळलं नाही. निघालेलीच माती परत भरली. दुसरं वेढा घालणारं मूळ तोडलं, गोणपाट वरून निम्म्यापर्यंत कापून टाकलं, आळं केलं, सात सेंटिमीटर जाड लाकडी चुऱ्याचं आच्छादन दिलं आणि बुंध्याभोवती दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडली. बांबूच्या जागी १२ मिलिमीटरची अडीच मीटर सळई, त्यातली ६० सेंटिमीटर जमिनीत, आणि रुंद मऊ पट्टा इंग्रजी आठच्या आकारात. तो दर वसंतात सोडून दोन बोटं वर बांधायचा.

पहिल्या दिवसांत आळ्यात तीन वेळा सावकाश पाणी सोडलं, कारण हुंडीबरोबर पुढच्या अंगणातलं मीठही आलं होतं आणि आता ते खाली जायला निचरा होता. मग दोन आठवडे रोज १० ते १२ लिटर, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड, पुढे आठवड्याला एकदा. मे-जून ओला गेल्याने अनेक पाळ्या वगळल्या.

परिणाम

२०२४ च्या जूनमध्ये कँडल सरासरी १२ सेंटिमीटर वाढले; हुंडी फुटलेल्या ईशान्य बाजूला चार-पाच. कुठलीही फांदी वाळली नाही.

सप्टेंबर २०२४ हा मिनीआपोलिसच्या नोंदींतला सर्वांत कोरडा सप्टेंबर. त्यात एक अडचण उघड झाली जिची कुणी कल्पना केली नव्हती. आळ्याच्या कडेची रेताड माती ओली होती, पण लांब स्क्रूड्रायव्हर हुंडीत घुसेना. चिकणमातीची हुंडी रेताड मातीत बसवली की दोन्हींच्या सीमेवर पाणी अडतं. बाहेर ओल असते आणि आत कोरडं. त्यानंतर पाणी आळ्याच्या कडेला न देता बुंध्याच्या अवतीभवती, थेट हुंडीवर, थेंब थेंब दोन तास सोडलं.

त्याच महिन्याच्या शेवटी आतल्या सुया पिवळ्या पडून गळू लागल्या आणि घरात पुन्हा घबराट झाली. ही दरवर्षीची जुन्या सुयांची गळ होती: आतून, सगळ्या बाजूंनी सारखी, टोकांवरच्या नव्या सुया हिरव्या. २०२३ चा तपकिरीपणा बाहेरून, एका बाजूने आणि टोकाकडून आला होता. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही.

२०२५ च्या शरदापर्यंत वर्षाची वाढ २० सेंटिमीटरवर आली, सुयांची लांबी २०२३ मधल्या पाचवरून आठ सेंटिमीटर झाली आणि निळसर छटा परतली. ईशान्य बाजू अजून मागे आहे. छाटलेल्या तीन फांद्यांची पोकळी आहे तशीच आहे. शेजारची एक लवचीक फांदी सुतळीने ओढून तिच्यावर आणली आहे, ती भरायला तीन-चार वर्षं जातील. चिरलेली फांदी बुंध्यालगतच्या कड्याबाहेर स्वच्छ कापली होती, तिथे जखम मिटत आली आहे. सशांसाठी हिवाळ्यात बुंध्याभोवती तारेची बारीक जाळी लागते. ओला बर्फ साचला की फांद्या खालून वर हलक्या हाताने उचलून झटकतात. बर्फाचा पारदर्शक लेप चढला असेल तर हात लावत नाहीत, वाकवलेली फांदी तेव्हा काचेसारखी तुटते.

पुढच्या कोपऱ्यात पाइनच्या जागी ‘कार्ल फोर्स्टर’ गवताचे झुबके लावले. ते मीठ सोसतं आणि हिवाळा संपता संपता जमिनीलगत कापून टाकायचं असतं, त्यामुळे फवारा त्याच्यावर बसून राहत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लावण्याच्या दिवशी दोन तपासण्या, मिळून अर्ध्या दिवसाचं काम: निचऱ्याचा खड्डा आणि कुंडीतली रूट फ्लेअर शोधणं. दोन्ही झाल्या असत्या तर झाड पुढच्या अंगणात गेलंच नसतं, किंवा निदान खोल गाडलं गेलं नसतं. कुंडीतून काढल्यावर गोल फिरलेली मुळं तेव्हा कात्रीने कापता येतात. चार वर्षांनी छिन्नी लागते.

तपकिरी फांदीला जूनच्या मध्यापर्यंत कात्री लावू नये. रस्त्यावरून वाईट दिसतं हे खरं. तेवढे दिवस सोसावेत.

हलवताना वाफशाची वाट पाहायला हवी होती. मूठभर माती दाबून सोडली, बोटाने टोचली आणि गोळा फुटला तर काम करावं. लगदा राहिला तर माणसं परत पाठवावीत. एक आठवडा थांबण्याची किंमत त्या वसंतात काहीच नव्हती, कोंब सुटायला अजून महिना होता. आणि हुंडी जाणार त्या जागेची माती वेगळी आहे हे दोन्ही अहवाल हातात असताना माहीत होतं, तरी पाणी कुठे द्यायचं याचा विचार सप्टेंबरमध्ये झाला.

सप्टेंबर २०२३ मध्ये न हलवण्याचा निर्णय मात्र आजही बरोबर वाटतो, हिवाळा उबदार निघाला नसता तरी. गोणपाटामागे एक हिवाळा काढणं झाडाला जमलं असतं. उन्हाच्या लाटेत मुळं तोडून जाणं जमलं नसतं.

एक निर्णय उरला आहे. शेंडा आता सळईच्या टोकाला, १९० सेंटिमीटरवर पोचलाय. मालकांना खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे २४० सेंटिमीटर उंची हवी आहे, त्यासाठी लांब सळई आणि आणखी दोन-तीन वर्षं बांधणी लागेल. मधल्या काळात, बुंधा स्वतःच्या बळावर किती उभा राहतो हे पाहायला, वसंतात पट्टा सोडून तो तासभर मोकळा ठेवतात. गेल्या खेपेला तो एक विताने वाकला आणि तिथेच थांबला. त्याआधीच्या वर्षी जमिनीकडे झुकला होता.